एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स: ड्युअल बूट कुठे अडतं आणि ते कसं टाळायचं

ड्युअल बूट म्हणजे एका संगणकावर दोन ऑपरेटिंग सिस्टिम असणं आणि संगणक सुरू करताना त्यांतली एक निवडणं. एका वेळी एकच चालते, दुसरी तेवढा वेळ डिस्कवर नुसती पडून असते. त्यामुळे मेमरी किंवा प्रोसेसरवरून दोघींत ओढाताण होत नाही. त्यांचा एकमेकींशी संबंध येतो तो मोजक्या ठिकाणी: डिस्कवरची जागा, संगणक सुरू करून देणारं एक छोटं पार्टिशन (डिस्कचा वेगळा काढलेला भाग), मदरबोर्डच्या मेमरीतली बूटची यादी आणि मदरबोर्डवरचं घड्याळ. ड्युअल बूट बिघडतं ते जवळजवळ नेहमी यांपैकीच एखाद्या ठिकाणी. हे नीट समजलं की खालच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत, आणि काही बिघडलं तर कुठे पाहायचं तेही कळतं.

आधी एक प्रश्न स्वतःला विचारा: दोन्ही सिस्टिमना संगणकाची पूर्ण ताकद हवी आहे का? लिनक्सच्या आज्ञा शिकायच्या असतील किंवा प्रोग्रॅमिंगची साधनं वापरायची असतील, तर विंडोजमध्येच चालणारं डब्ल्यूएसएल २ पुरेसं आहे. एखादं सॉफ्टवेअर अधूनमधून लागत असेल तर व्हर्च्युअलबॉक्ससारखं व्हर्च्युअल मशीन बरं. ग्राफिक्स कार्डावर ताण देणारं काम, कमी रॅम, किंवा लिनक्सच रोजची मुख्य सिस्टिम करण्याचा विचार असेल, तेव्हा मात्र ड्युअल बूटला पर्याय नाही. इथे उदाहरण विंडोज ११ आणि उबंटू या लिनक्सच्या प्रकाराचं घेतलं आहे. लिनक्स मिंटची पद्धत बरीचशी अशीच आहे.

संगणक सुरू होतो तेव्हा काय घडतं

बटण दाबल्यावर प्रथम मदरबोर्डवरचा यूईएफआय हा प्रोग्रॅम जागा होतो. बोलताना आपण त्यालाही सवयीने बायोस म्हणतो. त्याच्याकडे एक यादी असते: कोणती सिस्टिम आधी, कोणती नंतर. यादीतली प्रत्येक नोंद डिस्कवरच्या ईएफआय सिस्टिम पार्टिशनमधल्या एका फाइलकडे बोट दाखवते. हे पार्टिशन फॅट३२ पद्धतीचं असतं आणि विंडोज ते साधारणपणे १०० एमबीचं बनवतं, काही लॅपटॉपवर २६० एमबीचं. त्यात विंडोजच्या फाइली 'मायक्रोसॉफ्ट' नावाच्या फोल्डरमध्ये असतात आणि उबंटूच्या 'उबंटू' नावाच्या फोल्डरमध्ये. दोघी शेजारी शेजारी राहतात, कोणी कोणावर लिहीत नाही.

जुन्या बायोसच्या काळात असं नव्हतं. तेव्हा डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या तुकड्यात एकाच बूटलोडरला (सिस्टिम सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला) जागा असायची, आणि विंडोज पुन्हा टाकलं की लिनक्सचा बूटलोडर पुसला जायचा. 'विंडोजने लिनक्स उडवलं' ही भीती त्या काळातली आहे. आता विंडोज फार तर यादीत स्वतःला वर सरकवतं, लिनक्स डिस्कवर जसंच्या तसं असतं. तरीही आधी विंडोज आणि मग लिनक्स हाच क्रम सोयीचा, कारण लिनक्सचा इन्स्टॉलर शेजारच्या सिस्टिमची दखल घेतो, विंडोजचा घेत नाही.

तुमचा संगणक कोणत्या पद्धतीने सुरू होतो ते पाहायला विंडोजच्या शोधपट्टीत 'सिस्टिम इन्फर्मेशन' लिहा आणि उघडलेल्या खिडकीत 'बायोस मोड' ही ओळ बघा. 'यूईएफआय' असेल तर उत्तम. 'लेगसी' दिसलं तर डिस्कवर जुनी एमबीआर रचना आहे, जिच्यात चारच प्राथमिक पार्टिशन मावतात. अशा वेळी विंडोजमधल्या एमबीआर-टू-जीपीटी या साधनाने ती यूईएफआयला लागणाऱ्या जीपीटी रचनेत बदलता येते, पण त्यासाठी प्राथमिक पार्टिशन तीनपेक्षा जास्त नसावीत, आणि बदलानंतर बायोसमध्येही यूईएफआय निवडावं लागतं. एक सिस्टिम लेगसी आणि दुसरी यूईएफआय असं कधीच करू नका. दोन्ही सुरू होतील, पण एकाच मेनूतून नाही.

विंडोजमध्ये आधी करायची कामं

बहुतेक अपघात इथेच टळतात, म्हणून या भागाला वेळ द्या.

पहिलं काम बॅकअपचं. महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या. क्लाउडवर असतील तर त्या खरंच तिथे आहेत का ते दुसऱ्या संगणकावरून पाहा. शिवाय एक रिकामा पेनड्राइव्ह घेऊन विंडोजचं इन्स्टॉलेशन माध्यम बनवून ठेवा. बूट बिघडलं तर दुरुस्ती त्याच्यावरूनच होते.

दुसरं, एन्क्रिप्शन. अनेक नव्या लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे बिटलॉकर, वापरणाऱ्याला कळायच्या आत चालू झालेलं असतं. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की ते आपोआप सुरू होतं. बिटलॉकरची किल्ली मदरबोर्डवरच्या टीपीएम चिपमध्ये असते आणि बूटची पद्धत बदलली असं वाटलं की ती चिप किल्ली देत नाही. मग विंडोज निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती जवळ नसेल तर डेटा कायमचा गेला. तेव्हा आधी मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ती की शोधा आणि कागदावर उतरवा किंवा फोनमध्ये ठेवा. त्याच संगणकावर ठेवून उपयोग नाही. मग सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' खाली डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करा आणि डिस्क पूर्ण मोकळी होईपर्यंत थांबा. मोठ्या डिस्कला याला बराच वेळ लागतो. एन्क्रिप्शन चालू ठेवूनही ड्युअल बूट करता येतं, पण त्यासाठी जागा विंडोजमधूनच कमी करावी लागते, बिटलॉकर तात्पुरतं स्थगित करावं लागतं, आणि काही इन्स्टॉलर तरीही पुढे जात नाहीत. पहिल्यांदा करत असाल तर बंद करून, सगळं नीट चाललं की पुन्हा चालू करणं सोपं. चालू केल्यावर नवी रिकव्हरी की जपायला विसरू नका.

तिसरं, फास्ट स्टार्टअप. सगळ्यात जास्त लोक अडकतात ते इथे. तुम्ही 'शट डाउन' म्हणता तेव्हा विंडोज खरोखर बंद होत नाही. ते आपला गाभा हायबरनेशनच्या फाइलमध्ये साठवतं, म्हणजे पुढच्या वेळी लवकर उठता येतं. त्या अवस्थेत सी ड्राइव्ह विंडोजच्या दृष्टीने अजून वापरातच असतो. लिनक्सने त्यावर काही लिहिलं आणि मग विंडोज जुन्या आठवणीनिशी जागं झालं, तर फाइल सिस्टिम खराब होते. म्हणून लिनक्स तो ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता जोडतं किंवा जोडायलाच नकार देतं. तो नकार तुमच्या भल्याचा आहे, जबरदस्तीने जोडायच्या युक्त्या वापरू नका. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडा, पॉवर बटणाने काय करायचं ते ठरवणाऱ्या पानावर जा, आधी 'सध्या उपलब्ध नसलेल्या सेटिंग बदला' या अर्थाच्या दुव्यावर क्लिक करा आणि मग 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' वरची खूण काढा. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर ही खूण परत आलेली असू शकते, तेव्हा अधूनमधून तपासा. रीस्टार्ट करताना मात्र विंडोज पूर्ण बंद होतं, आणि शिफ्टचं बटण दाबून ठेवून शट डाउन केलं तरीही होतं.

चौथं काम सगळ्यांना लागत नाही. इंटेल प्रोसेसरच्या काही लॅपटॉपवर डिस्क आरएसटी किंवा व्हीएमडी या रेडसारख्या (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या) व्यवस्थेखाली असते आणि लिनक्सच्या इन्स्टॉलरला डिस्क दिसतच नाही. उपाय म्हणजे बायोसमध्ये ती व्यवस्था बंद करून एएचसीआय ही डिस्क जोडण्याची साधी पद्धत निवडणं. पण सरळ बदललंत तर विंडोज 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' असं सांगून थांबेल, कारण या पद्धतीचा ड्रायव्हर त्याने सुरुवातीला लोड करायचा नाही असं ठरवलेलं असतं. म्हणून आधी विंडोजमध्ये 'सिस्टिम कॉन्फिगरेशन' उघडून बूटच्या पानावर सेफ बूटची खूण करा, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये बदल करा, विंडोज सेफ मोडमध्ये एकदा उठू द्या आणि मग खूण काढून टाका. सेफ मोडमध्ये विंडोज नवा ड्रायव्हर स्वतःच जोडून घेतं.

आता जागा. डिस्क मॅनेजमेंट उघडा, सी ड्राइव्हवर उजवं क्लिक करून 'श्रिंक व्हॉल्यूम' निवडा. आकडा एमबीमध्ये द्यायचा असतो: ८० जीबी हवे असतील तर ८१९२०. उबंटू किमान २५ जीबी मागतं, मिंट २० जीबी, पण तेवढ्यात रोजचा वापर भागत नाही. ६० ते १०० जीबी दिले तर पुन्हा पार्टिशन हलवायची वेळ सहसा येत नाही. विंडोजकडेही अपडेटसाठी निदान ४० जीबी मोकळी राहू द्या.

डिस्कवर २०० जीबी मोकळी असूनही विंडोज १० जीबीच काढू देतं, असं अनेकदा होतं. कारण पेज फाइल, हायबरनेशनची फाइल आणि रिस्टोर पॉइंट या जागेवरून न हलणाऱ्या गोष्टी पार्टिशनच्या मध्येच कुठेतरी बसलेल्या असतात. सिस्टिम प्रोटेक्शन, हायबरनेशन आणि व्हर्च्युअल मेमरी तात्पुरती बंद करून रीस्टार्ट करा आणि पुन्हा प्रयत्न करा. काम झालं की व्हर्च्युअल मेमरी आणि सिस्टिम प्रोटेक्शन पुन्हा चालू करा. काढलेली जागा 'अनअलोकेटेड' तशीच सोडा, तिथे नवं पार्टिशन बनवू नका. आणि लिनक्सकडे वळण्याआधी विंडोज एकदा रीस्टार्ट करून ते नीट उठतं याची खात्री करा.

पेनड्राइव्ह आणि चाचणी

उबंटूची आयएसओ फाइल (इन्स्टॉलरची संपूर्ण प्रत) अधिकृत ठिकाणाहूनच उतरवा आणि तिथे दिलेली शा-२५६ ची बेरीज (फाइल जशीच्या तशी उतरली का ते दाखवणारा लांब आकडा) पडताळून पाहा. अर्धवट उतरलेली फाइल इन्स्टॉल होताना मध्येच दगा देते, आणि तेव्हा डिस्कवर अर्ध्या गोष्टी बदललेल्या असतात. ८ जीबी किंवा त्याहून मोठा पेनड्राइव्ह घ्या. त्यावरचं सगळं पुसलं जाईल. आयएसओवरून बूट होणारा पेनड्राइव्ह बनवणारं रूफस हे साधन वापरत असाल तर जीपीटी आणि यूईएफआय निवडा. नुसती आयएसओ फाइल कॉपी करून पेनड्राइव्हवर टाकू नका.

पेनड्राइव्हवरून सुरू करायला बूट मेनू लागतो. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, असुसच्या लॅपटॉपवर एस्केप. बटण पकडता येत नसेल तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'रिकव्हरी' खाली 'अ‍ॅडव्हान्स्ड स्टार्टअप' वापरा.

सिक्युअर बूट, म्हणजे मान्य स्वाक्षरी असलेलेच बूटलोडर चालू देणारी यूईएफआयची सोय, बंद करण्याचा सल्ला अजून सर्रास दिला जातो, पण उबंटू, मिंट, फेडोरा, डेबियन यांचे बूटलोडर मायक्रोसॉफ्टच्या स्वाक्षरीसह येतात आणि सिक्युअर बूट चालू असताना चालतात. काही नव्या लॅपटॉपवर मात्र बायोसमध्ये 'थर्ड पार्टी यूईएफआय सीए' ला परवानगी देणारा वेगळा पर्याय चालू करावा लागतो. पेनड्राइव्ह नेहमी ताजा बनवा. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटने जुने, त्रुटी असलेले लिनक्स बूटलोडर नाकारायला सुरुवात केली आणि अनेकांच्या ड्युअल बूट संगणकांवर 'एसबॅट' पडताळणी फसल्याचा संदेश येऊन लिनक्स उठेना. असं झालं तर सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून लिनक्स सुरू करायचं, त्याचे सगळे अपडेट घ्यायचे आणि सिक्युअर बूट परत चालू करायचं.

पेनड्राइव्हवरून उबंटू उठलं की लगेच इन्स्टॉल करू नका. 'ट्राय' निवडा आणि वाय-फाय, आवाज, टचपॅड, पडद्याचा उजेड, लॅपटॉप झोपवून उठवणं हे सगळं वापरून पाहा. वाय-फाय इथे चालत नसेल तर ते इन्स्टॉल केल्यावर जादूने चालू होणार नाही, आणि हे आत्ता कळलेलं बरं.

इन्स्टॉल करताना

इन्स्टॉलर विचारतो: विंडोजच्या बाजूला बसवू, पूर्ण डिस्क पुसू, की हाताने पार्टिशन करू? मधला पर्याय विंडोज आणि सगळ्या फाइली घालवतो. बाजूला बसवण्याचा पर्याय दिसला आणि आकडे पटले तर तो घ्या. तो दिसत नसेल तर कारण वरच्याच यादीतलं असतं: बिटलॉकर, आरएसटी, किंवा पेनड्राइव्ह लेगसी पद्धतीने सुरू झालेला.

हाताने करायचं तर मोकळ्या जागेवर एकच ईएक्सटी४ (लिनक्सच्या फाइल पद्धतीचं) पार्टिशन बनवा आणि माउंट पॉइंट म्हणून एक तिरकी रेघ, '/', निवडा. स्वॅपसाठी (रॅम कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेसाठी) वेगळं पार्टिशन लागत नाही, उबंटू स्वॅप फाइल स्वतः बनवतं. आधीचं ईएफआय पार्टिशन बूटसाठी वापरायचं असतं, पण त्याच्यापुढे फॉरमॅटची खूण नसावी. ती एक खूण चुकली तर विंडोजचा बूटलोडर जातो. फाइली राहतात, पण विंडोज उठत नाही, आणि मग विंडोजच्या पेनड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्ट उघडून बीसीडीबूट या साधनाने तो पुन्हा लिहावा लागतो.

ईएफआय पार्टिशन १०० एमबीचंच असेल तरी उबंटू किंवा मिंटला ते पुरतं, कारण त्यांचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, ईएक्सटी४ पार्टिशनवर राहतो. पॉप ओएससारख्या काही सिस्टिम कर्नल ईएफआय पार्टिशनमध्येच ठेवतात. त्यांना इतकी जागा कमी पडते आणि वेगळं मोठं ईएफआय पार्टिशन बनवावं लागतं.

संगणकात दोन डिस्क असतील तर लिनक्स दुसरीवर टाकणं सगळ्यात सुरक्षित. फक्त एक खबरदारी: लिनक्स दुसऱ्या डिस्कवर टाकलं तरी इन्स्टॉलर कधीकधी बूटलोडर पहिल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये ठेवतो. पुढे पहिली डिस्क काढली की लिनक्सही उठत नाही. म्हणून इन्स्टॉल करताना विंडोजची डिस्क बायोसमधून बंद करा किंवा केबल काढून ठेवा.

एनव्हिडियासारखे बाहेरचे ड्रायव्हर निवडले आणि सिक्युअर बूट चालू असेल तर इन्स्टॉलर एक पासवर्ड ठरवायला सांगतो. पुढच्या रीस्टार्टला एक निळा पडदा काही सेकंदच दिसतो. तिथे 'एन्रोल एमओके' निवडून तोच पासवर्ड टाकायचा. पडदा निसटला तर ड्रायव्हर लोड होत नाही आणि कारण शोधण्यात नाहक वेळ जातो.

नंतर येणाऱ्या अडचणी

रीस्टार्ट केल्यावर ग्रब या लिनक्सच्या बूटलोडरचा मेनू दिसायला हवा, त्यात उबंटू आणि 'विंडोज बूट मॅनेजर' दोन्ही. सरळ विंडोजच सुरू झालं तर लिनक्स पुन्हा टाकायची गरज नाही: बायोसमध्ये जाऊन यादीत 'उबंटू' वर घ्या. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतरही हाच उपाय. उलट लिनक्स उठतं पण मेनूत विंडोज नाही, तर ग्रबने इतर सिस्टिम शोधणं बंद ठेवलं आहे. २.०६ आवृत्तीपासून ग्रबमध्ये हा शोध मुळात बंद असतो. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये हा शोध घेणारं ओएस-प्रोबर निष्क्रिय करणारी ओळ 'फॉल्स' करा आणि टर्मिनलमध्ये रोमन अक्षरांत 'सुडो अपडेट-ग्रब' ही आज्ञा द्या.

घड्याळाची गोष्ट जवळजवळ प्रत्येकाला भेटते. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण वेळ. लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलात की तुमच्या वेळेचा यूटीसीशी जेवढा फरक, तेवढं घड्याळ चुकतं. इंटरनेटवरून वेळ जुळेपर्यंत ब्राउझर प्रमाणपत्रांच्या तक्रारी करत राहतो. दोघींपैकी एकीची सवय बदलली की प्रश्न मिटतो. लिनक्समध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' या आज्ञेने ते पटकन होतं. पण जिथे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात तिथे दोन्ही सिस्टिम आपापला तास वाढवून घोळ घालू शकतात. तिथे विंडोजच्या रजिस्ट्रीत 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' ही नोंद १ करणं जास्त पक्कं.

ब्लूटूथ हेडफोन किंवा माउस एका सिस्टिममध्ये जोडला की दुसरीत चालेनासा होतो. उपकरणाला संगणकाचा पत्ता तोच दिसतो, पण जोडणीची गुप्त किल्ली प्रत्येक सिस्टिम वेगळी ठरवते, आणि उपकरण शेवटची किल्लीच लक्षात ठेवतं. विंडोजची किल्ली लिनक्समध्ये नेऊन बसवता येते, पण काम किचकट आहे. माउसपुरता यूएसबी रिसीव्हरवाला घेणं सोपं.

दोन्हीकडून लागणाऱ्या फाइलींसाठी वेगळं एनटीएफएस (विंडोजच्या फाइल पद्धतीचं) पार्टिशन ठेवा. लिनक्स कर्नलमध्ये ५.१५ पासून एनटीएफएस लिहिण्याचा पूर्ण ड्रायव्हर आहे, तर विंडोज ईएक्सटी४ स्वतःहून वाचत नाही. सी ड्राइव्हवर लिनक्समधून लिहिणं टाळा. फाइलींच्या नावात विसर्गासारखं दिसणारं कोलनचं चिन्ह किंवा प्रश्नचिन्ह ठेवू नका. लिनक्सला चालतं, विंडोजला चालत नाही. आणि एक सिस्टिम हायबरनेट करून दुसरीत जाऊन तिच्या पार्टिशनला हात लावू नका. फास्ट स्टार्टअपचाच धोका इथे पूर्ण रूपात असतो.

लिनक्स काढायचं असेल तर

क्रम महत्त्वाचा आहे. आधी बायोसमध्ये विंडोज बूट मॅनेजर यादीत पहिला करा आणि विंडोज सरळ सुरू होतं का ते पाहा. मगच डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सचं पार्टिशन काढा. उलट केलंत तर ग्रब सुरू होतो, त्याच्या फाइली सापडत नाहीत आणि काळ्या पडद्यावर नुसतं 'ग्रब' लिहिलेलं उरतं. तसं झालं तरी विंडोज शाबूत असतं, बूट मेनूतून ते निवडता येतं. मोकळी झालेली जागा सी ड्राइव्हला जोडायला 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' वापरा. ही जागा सी ड्राइव्हच्या लगेच उजवीकडे असेल तरच तो पर्याय चालतो. मध्ये रिकव्हरी पार्टिशन असेल तर तो फिकट दिसतो, आणि मग पार्टिशन सरकवणारं वेगळं साधन लागतं. ईएफआय पार्टिशनमधलं 'उबंटू' फोल्डर काही एमबीचं असतं. ते तसंच राहिलं तरी विंडोजला काही फरक पडत नाही, आणि बायोसच्या यादीत उरलेलं नाव खाली ढकलून सोडून दिलं तरी चालतं.